सहाव्या डब्यातला केशरी पट्टा

आमच्या गावात संध्याकाळचे पाच माह्या हातानं वाजत. आता घड्याळ मले आजबी धड वाचता येत नाई, ते गोष्ट अलग. बोडीच्या, म्हंजे गावतळ्याच्या, पाळीवरून शाळेतल्या पोरी सायकली हानत येताना दिसल्या का मी समजो, वाजले पाच.

मी केबलवर लायनमन होतो. लायनमन म्हंजे खांबावर चढनारा आन खाली उतरून शिव्या खानारा. बाप बोडीत जाळं टाके, मी निंबाच्या झाडाईवरून वायर टाकली, येवढीच माही तरक्की. शाळेत मी चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी गुरुजी म्हने, "उद्या नाई आला तरी चालते." मी त्यांचा शब्द पाळला.

मालकाच्या आटाचक्कीमागच्या खोलीत आमचा कारभार. स्लॅबवर छत्र्या, खाली सहा डबे. एका डब्यातून एकच चॅनल गावात जाये. पाच डबे ठरलेले होते: सिनेमा, भजन, बातम्या, किरकेट आन सासू-सुनाईचं. सहावा फिरता. दिवसभर त्याच्यावर शेतीवाडी चाले. पाच वाजता मी रिमोट दाबून पोराईचं कार्टूनवालं चॅनल लावो, सात वाजता काढून टाको. गावच्या पोराईले वाटे का ते चॅनल दोन घंटेच जगते. मी कोनाले सांगतलं नाई का ते दिवसभर चालू रायते म्हून. उलट आपनच बनवून राह्यलो असं तोंड करून फिरो.

त्या चॅनलवर बाकी येळ बोलनारे जनावरं रायत. पन पाच ते सात त्यांनी जरा मोठ्या पोराईसाठी ठेवले होते, बारा-पंधरा वर्साच्या. टीव्हीवाले त्याले काय म्हनत देव जाने, आमी 'पट्टा' म्हनो. कारन तेवढ्या येळापुरता टीव्हीच्या कडेले केशरी पट्टा ये, गानं बदले, आन जनावराईच्या जागी खरेखुरे पोरंपोरी दिसत. पहिले समदे परदेशातले, हिंदीत बोलनारे. त्यांच्या शाळेत भितीले लायनीनं लोखंडी कपाटं, आन पोरी कपाट आपटून एकमेकीवर रुसत. आमच्या शाळेत एकच कपाट होतं, त्यात हेडमास्तर तंबाकू-सुपारीचा खर्रा ठेवत. वर्सभरानं आपल्या देशातले पोरं आले, होस्टेलात रायनारे, मास्तरले उलटून बोलनारे. मग रविवारीबी पट्टा आला. ते दिवस त्याच्या भरभराटीचे. पाच वाजता गावात कुत्रं भुके तेबी आयकू ये.

माही पोरगी बारा वर्साची होती तवा पट्टा सुरू झाला. मी डबा लावो आन धावत घरी ये, तिच्या बाजूले चटईवर बसो. माहा हात एका जागी रायत नाई, खर्रा घोटत घोटत मी तिले इचारत राहो, "हे काऊन रडून राह्यली? तो मास्तर चांगला हाये का खराब?" ते सांगे. घरवाली गोंडपिपरीच्या बाजारातून मच्छी इकून येई, टोपलं ठेवे आन म्हने, "दोन पोट्ट्या हायेत माह्या घरी. एकीले मिशा हायेत."

मग पट्टा आटाले लागला. पोरगी नववीत होती, तवा दोन घंट्याचा एक झाला, मंग अर्धा. बाकी येळात परत जनावरं. चॅनलवाल्याईनं कमी केलं होतं, पन गाव माह्यावर बसलं. "काऊन गा भाऊ, पट्टा काऊन कापला?"

आता खरं सांगाले पायजे होतं का तिकडं वर मले कोनी कुत्रं ओळखत नाई. पन दोन-तीन वर्सं मालक बनून फिरलेल्या मानसाले ते कसं जमन? मी म्हनलो, "मीच कापला. पोट्टे अभ्यास करत नाई." मायबाप खूश झाले, एकानं चा पाजला. पोट्ट्याईनं माह्या सायकलीची हवा सोडली.

शेवटी पट्ट्यात एकच सिरियल उरली. पहाडातली एक पोट्टी, जोरात धावनारी. शहरातल्या शाळेनं तिले निवडलं, पन बाप चाच्या टपरीवाला, तो जाऊ देत नाई. समदं गाव पोट्टीकडून, मी एकटा बापाकडून. कारन तवाच माह्या घरी दहावीचा निकाल आला होता. पोरीले चंद्रपूरच्या कॉलेजात सायन्सले जायाचं होतं, होस्टेलात राहून. फॉर्मावर बापाची सही पायजे होती.

सही मले येते. तिनंच शिकवली, तीन अक्षरं, मधातलं वाकडं. पन आठ दिवस मी ते केली नाई. एक दिवस म्हनलो पेन चालत नाई. एक दिवस म्हनलो आज अमावस्या. एक दिवस म्हनलो चष्मा नाई, तर घरवाली म्हने, "तुमाले चष्मा होता कवा? आन असता तरी वाचलं काय असतं?" खरं कारन मी कोनाले सांगतलं नाई. पोरगी गेली तर पाच वाजता मी कोनाच्या बाजूले बसाचं, हेच होतं. येवढंसं कारन, पन जेवन गोड लागे ना. राती कूस बदलो, सकाळी बिनकामाचा खांबावर चढो, वायर ओढून पाहो, उतरो, परत चढो. लोकाईले वाटे भाऊ कामाले लागला.

टीव्हीवर खालून अक्षराईची पट्टी सरकत आली, वाचून दाखवली पोरीनंच: शनिवारी सिरियलचा शेवट, आन संगच पट्टाबी बंद. माह्या डोक्यात बसलं का टीव्हीतली पोट्टी गेली तर माही जाते, ते घरी राह्यली तर माहीबी रायते. कोनी असं ठरवलं नव्हतं. मीच ठरवलं.

शनिवारी मालक लग्नाले गेला होता. पाच वाजता मी चॅनल लावलं, पन घरी धावलो नाई. तिथीच, डब्याईच्या बाजूच्या लहान टीव्हीपुढं उभा राह्यलो, हातात रिमोट. बसताच ये ना. बाप टपरीवर बसला होता, मानेनंच नाई म्हने. मी म्हनलो, शाबास, असाच राय. तेवढ्यात पोट्टीनं खाटेखालून बॅग ओढली आन कपडे भराले लागली.

माहं बोट दाबल्या गेलं. शेतीवाडी लागली. धानावरच्या तुडतुड्याबद्दल एक साहेब सांगून राह्यले होते. समद्या गावानं शेवटाच्या जागी तुडतुडा पाह्यला.

चक्कीवर दळन घेऊन आलेली म्हातारी दारात येऊन उभी राह्यली. "काऊन गा, पोट्टी बॅग भरून राह्यली होती, हा किडा कुठून आला?"

"वरून गेलं, मायबाई."

"वरून गेलं तं तुह्या हातात रिमोट कायले? दाबून पाह्य ना."

मी रिमोट खिशात घातला. बाहेर पोट्टे जमून राह्यले होते, म्हून मागच्या भितीवरून उडी मारली आन घरी निंघालो. त्या पोट्टीचं काय झालं, गेली का बापाजवळ राह्यली, मले आजबी मालूम नाई. कोनालेच मालूम नाई आमच्या गावात.

रस्त्यानं मी समदं जुळवलं. पोरगी नाराज बसली असन, मी म्हनन शेवटी पोट्टी घरीच राह्यली, कंट्रोल रूममधी पाह्यलं मी. जमून जाईन.

घरी आलो तं टीव्ही बंद. पोरगी चटईवर फॉर्म घेऊन बसली होती, घरवाली मच्छी साफ करून राह्यली होती.

"टीव्ही काऊन बंद हाये?" मी म्हनलो. "आज शेवट होता ना."

"कायचा?"

"पट्ट्याचा. त्या पोट्टीचा."

पोरीनं मान वर केली. "बाबा, मी नववीपासून पाहात नाई ते. मी तं पुस्तक उघडून बसत होती तिथी. तुमी धावत येत होते म्हून लावून ठेवो."

घरवाली टोपल्यावर वाकून हसली. मी खिशातला रिमोट चाचपला. मंग हळूच सांगतलं, "ते पोट्टी घरीच राह्यली. बापाजवळ."

"राहू द्या तिले," पोरगी म्हने, आन फॉर्म माह्यापुढं सरकवला. "इथी सही करा. आन पहिले हात धुऊन या, खर्रा लागते कागदाले."