सोवनींचा रडका व्हॉल्यूम कंट्रोल

नारायण पेठेत माधवराव सोवनींचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक आत आलं की "या, बसा" वगैरे लाड नसत. "कुठून पाडलात?" हा पहिला प्रश्न. सेट पडलेला नसला तरी गिऱ्हाईक अपराधी चेहरा करायचं, आणि माधवरावांना तेवढंच हवं असायचं. तीस वर्षं त्यांनी एकच काम जीव ओतून केलं होतं, आवाजातली खरखर घालवण्याचं. खरखर म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. कोणी समोर बसून घसा खाकरला तरी त्यांचा हात आपसूक पेचकसाकडे जायचा.

पण नव्व्याण्णव साल आलं तोवर पुण्यात त्यांच्यासाठी खरखरच शिल्लक राहिली नव्हती. घरोघरी परदेशी सेट आले होते. ते बिघडले की लोक सरळ नवे आणत. माधवराव दिवसभर दुकानात बसून जागतिकीकरणाला नावं ठेवत, आणि मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी वासंतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका, एलिमेंटरी परीक्षेच्या मुलींना घडे आणि केळी काढायला शिकवत. घरात त्या दिवसांत शिल्लक उरलेलं कौतुक सगळं त्या घड्यांना मिळत होतं.

अशात एका दुपारी शंभू आला. मूळचा यवतमाळकडचा, वारज्याला मित्रांबरोबर राहणारा. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक वेडे होणार आहेत असं तेव्हा बोललं जाई. ते वेडे होऊ नयेत म्हणून शंभूला एका कंपनीत पगार मिळत होता. फावल्या वेळात तो गिटार वाजवायचा.

"काका, वॉ-पेडल बनवून द्याल का जी?"

"ते काय असतं? आणि कुठून पाडलंत?"

शंभूने सांगण्याऐवजी करूनच दाखवलं. ओठांचा चंबू केला, मग तोंड हळूहळू उघडत "वाऽऽव, वाऽऽव" असा आवाज काढला. वासंतीबाई लगबगीने बाहेर आल्या. "अहो, कोणाचं बाळ आहे?"

बाळ नव्हतं. गिटारची वायर एका फळीतून न्यायची, फळी पायाने पुढे-मागे दाबायची, की गिटार असं रडायला लागते, हे शंभूने समजावलं. परदेशातून मागवायचं तर महिना लागणार, आणि कंपनीचं स्नेहसंमेलन होतं तीन आठवड्यांवर. इंटरनेटवरून काढलेला जोडणीचा नकाशा त्याने पुढे केला. बाकीचे भाग किरकोळ होते. खरी मेख होती फळीखाली फिरणाऱ्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये.

"व्हॉल्यूम कंट्रोल?" माधवराव हसले. "होईल." सगळं आयुष्य खरखर घालवण्यात गेलं आणि आता कोणी पैसे देऊन रडायला सांगतंय, हे त्यांना मनातून फार आवडलं होतं. अर्थात तसं चेहऱ्यावर दाखवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

फळी सापडली जुन्या बाजारात. एका मोडक्या पायपेटीचं पायाने दाबायचं पॅडल होतं ते, वाळवीने अर्धंच खाल्लेलं. पुढची अडचण अशी की कंट्रोलचा दांडा या टोकापासून त्या टोकाला न्यायचा तर पाऊण चक्कर फिरवावा लागतो, आणि पाय बिचारा चार बोटं खाली जातो. परदेशी पेडलात त्यासाठी दाते असलेली पट्टी आणि चाक असतं. माधवरावांनी रेडिओचा काटा सरकवणारी डायलची दोरी काढली, दांड्यावर एक छोटी चकती बसवली, तिला दोन वेढे दिले आणि टोकाला स्प्रिंग लावली. फळी चार बोटं हलली की दांडा बरोबर पाऊण चक्कर फिरायला लागला. स्वतःवर खूश होऊन त्यांनी त्या दिवशी दोन कप चहा जास्त घेतला.

मग सुरू झाली खरी परीक्षा. शंभूने गिटार दुकानातच ठेवली होती. तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून माधवरावांनी सात तऱ्हांचे कंट्रोल आणले. पहिल्यात सगळा बदल एकसारखा व्हायचा, त्यामुळे गिटार भुंकल्यासारखी वाजली. दुसरा रेडिओच्या आवाजाचा, म्हणजे आधी हळूहळू चढणारा आणि शेवटी एकदम उसळणारा. त्याने पाय खाली जाईपर्यंत काहीच केलं नाही आणि तळाला पोचल्यावर दचकून किंकाळी फोडली. तोच उलटा जोडला तर किंकाळी आधी आणि मग शुकशुकाट. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या यमुनाबाई बशीत दूध घेऊन खाली आल्या. "मांजर कुठं अडकलंय हो? दोन दिवस ओरडतंय बिचारं." माधवरावांनी सत्य सांगितलं. त्यावर विश्वास न ठेवता यमुनाबाई दूध कपाटाखाली सरकवून गेल्या.

शंभू रोज संध्याकाळी येऊन पाय दाबायचा आणि एवढंच म्हणायचा, "सगळं बरोबर आहे काका. पण रडून नाही राहिलं."

शेवटी माधवरावांनी एका कंट्रोलच्या पत्र्याच्या चिमट्या वाकवून झाकण उघडलं. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची काळी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक पितळी जीभ फिरते. झिजलेल्या पट्टीवर पेन्सिल घासली की तेवढ्या जागेतला विद्युतरोध कमी होतो, ही विद्या जुन्या कारागिरांना ठाऊक असते. म्हणजे चढ आपल्याला हवा तसा वळवता येणार! त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पट्टी गिरवली. गिटारला उचक्या लागल्या. पुन्हा गिरवली, तर उचकी आणि भुंकणं आलटून पालटून.

वासंतीबाई मुलींच्या वह्या तपासता तपासता उठून आल्या आणि चष्म्यावरून पट्टीकडे पाहत राहिल्या.

"अहो, ही काय छटा आहे? नुसते डाग पडलेत. पहिलीतला मुलगा बरा."

"हे चित्र नाहीये, वासंती. हे शास्त्र आहे."

"मग शास्त्राला पायऱ्या का पडल्यात?"

त्यांनी नवा कंट्रोल मागून घेतला, डब्यातून सगळ्यात मऊ पेन्सिल काढली आणि घड्याला छाया देतात तशी पट्टी रंगवायला लागल्या. एका टोकाला गडद, मग विरळ, मग अगदी पुसट. कापसाच्या बोळ्याने कडा मिसळली. दहा मिनिटांचं काम. झाकण काही परत बसेना, तेव्हा कंट्रोल उघडाच जोडला. माधवरावांनी तार छेडून पाय दाबला आणि गिटारने असा टाहो फोडला की वरून यमुनाबाईंचा आवाज आला, "अगंबाई, पिल्लंही झाली वाटतं!"

संध्याकाळी शंभूने वाजवून पाहिलं आणि तो बसल्या जागी उडाला. "काका! हे कसं केलं जी?"

वासंतीबाई तेव्हाच चहा घेऊन दारात आल्या होत्या. माधवरावांनी खांदे उडवले. "असतं एकेकाच्या हातात."

वासंतीबाईंनी कप टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवसापासून घरात अबोला सुरू झाला. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, शब्द मात्र एक नाही. त्यांचा गुडघा दुखत असेल असं माधवरावांना वाटलं. विचार करायची तसदी त्यांनी एवढीच घेतली.

दोन दिवसांनी शंभू मान खाली घालून आला. "काका, एक चूक झाली. कंपनीतल्या पोरांना मी अमेरिकेहून मागवलं म्हणून सांगून बसलो. ते हसले असते ना जी. तुम्ही संमेलनाला या काकूंना घेऊन, पण तिथं काही बोलू नका."

माधवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. परदेशी सेटांनी गिऱ्हाईक पळवलं ते पळवलं, आता केलेलं कामही अमेरिकेच्या नावावर! आठवडाभर ते घरात येरझाऱ्या घालत बडबडत होते. "माझं काम आणि नाव दुसऱ्याचं! एकदा, फक्त एकदा कोणी चारचौघांत म्हणावं की हे सोवनीने केलंय. जास्त मागतोय का मी?" वासंतीबाईंनी वहीतून मान वर केली, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा घडे तपासायला लागल्या.

संमेलनाच्या दिवशी दोघं तिसऱ्या रांगेत बसले. शंभूचं गाणं सुरू झालं, पेडल रडलं, पोरं शिट्ट्या मारायला लागली. "ओरिजिनल अमेरिकन पीस आहे यार," मागून कोणीतरी म्हणालं. माधवरावांनी दात आवळले. आणि तेवढ्यात चकतीवरून दोरी सटकली. शंभू पाय आपटत राहिला आणि गिटार एका "ऊ"वर अडकली. दाढ दुखणाऱ्या माणसासारखी.

माधवराव उठले. रंगमंचाच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या, फळ्यांना हात लावून कपाळाला नेला आणि वर गेले. पेडल उलटं करून ते सरळ पालथे पडले. दोरी पुन्हा ओवायला वेळ नव्हता. "तू वाजव रे," ते ओरडले आणि चिमटीत दांडा धरून स्वतःच फिरवायला लागले. पायाला जे जमत नव्हतं ते बोटांना जमलं. त्यांनी ताना घेतल्या, हरकती घेतल्या, एक सूर इतका लांबवला की शंभूच त्यांच्याकडे बघत बसला. गाणं संपलं आणि नाट्यगृहाच्या सवयीने मागच्या रांगांतून "वन्स मोअर!" आलं.

माधवरावांना ते नीट ऐकू आलं नाही. दिव्यांच्या झोतात उघडा कंट्रोल त्यांच्या नाकाशी होता. त्यात ती पट्टी होती, गडद, विरळ, पुसट, कुठे एक पायरी नाही. आठवडाभराची स्वतःचीच बडबड त्यांना आठवली आणि कान तापले. फार लाज वाटली त्यांना.

सूत्रसंचालन करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम माईक घेऊन धावत आल्या. "शंभू, हे अंकल कोण? अमेरिकन पेडल यांना कसं काय जमलं?"

शंभूने एकदा सभागृहाकडे पाहिलं, एकदा पालथ्या माधवरावांकडे. "अमेरिकेचं नाहीये मॅडम. मी खोटं बोललो. हे नारायण पेठेतल्या सोवनी काकांनी बनवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चारचौघांत नाही, चारशे लोकांत. माधवराव उठून बसले आणि माईक हातात घेतला.

"फळी माझी, दोरी माझी. ती सटकली, तीही माझीच. पण रडतंय ना, ते माझं काम नाही. मी याला खोटं सांगितलं." घसा खरखरला. "ते वासंती सोवनी यांनी केलंय. तिसरी रांग, हिरवी साडी."

चारशे माना वळल्या. वासंतीबाई उभ्या राहिल्या. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला माईक लागत नाही.

"अहो, खाली या आणि घरी चला. अकरा दिवसांचं बोलायचं राहिलंय."