एका खोलीचे तीन फोन

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी कबुलीजबाब म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. बावीस वर्षं भाड्याच्या दाव्यांत वकिली केल्यावर माणसाचं दुसरं काही होऊच शकत नाही. घरमालक शपथेवर सांगतो की खोली वर्षभर बंद आहे, आणि आत शिरावं तर गॅसवर चहा उकळत असतो. भाडेकरू सांगतो की अख्खा जन्म इथे गेला, आणि मोरी कुठल्या कोपऱ्यात आहे ते त्याला आठवत नाही. मी गिरगावात राहते. बेल वाजली की दार उघडण्याआधी मी दोनदा “कोण?” विचारते, असं शेजारीण मजल्यावर सगळ्यांना सांगत असते. साफ खोटं. तीनदा विचारते.

कोर्टात जाणं कमी केलं तेव्हा दादरच्या एका मोफत हेल्पलाइनची देखरेख माझ्या गळ्यात पडली. वाचनालयामागची एक खोली, तीन फोन, फोनवर कायदा शिकणारी मुलं आणि मुलांच्या डोक्यावर मी. लालबाग, परळ, भायखळा, वरळी, कुठूनही फोन यायचे. मालकाने नळ तोडलाय, बिल्डरचा माणूस कोऱ्या कागदावर सह्या मागतोय, छताचा तुकडा पाळण्यात पडलाय. आम्ही फोन करणाऱ्याचं नाव लिहीत नसू, फक्त खोलीचा नंबर आणि चाळ. एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळता कामा नये, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम मी घातलेला होता: आधी विचारायचं, मग सांगायचं. अमुक एक कागद लागतो असं आधीच सांगितलंत, तर आठ दिवसांत तो कागद तयार होऊन येतो. मुलांना हे कठोर वाटायचं. एक विद्यार्थिनी तर मला तोंडावर म्हणाली, “मॅडम, माणसं अडचणीत असतात म्हणून फोन करतात.” मी म्हटलं, “हो ना, आणि अडचणीतला माणूसच सगळ्यात सफाईने खोटं बोलतो.”

ही गोष्ट ज्या खोलीची, तिचा पहिला फोन तिनेच घेतला आणि मी दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकला. परळची चाळ, तिसरा मजला. बोलणारी बाई त्या घरातली धाकटी सून, नवरा गेलेला, एका पोळीभाजी केंद्रात कामाला. खोली सासऱ्यांच्या नावावर, सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. दिवाळीत मोठे दीर त्यांना आठ दिवसांसाठी म्हणून विरारला घेऊन गेले, ते फाल्गुन उजाडला तरी परत आणेनात. इकडे चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू झालेल्या. बाईने विचारलं, “त्यांचं काही बरंवाईट झालं, तर ही खोली माझी राहील का?”

मी भुवया उडवल्या. सासरा जिवंत आहे, विरारला व्यवस्थित जेवतोय, आणि हिला खोलीची पडलीय. असल्या बायका मी कोर्टात ढिगाने पाहिल्यात; डोळ्याला पदर, हातात फाइल. विद्यार्थिनीने तिला बरोबर ते सांगितलं: भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्या कुटुंबातलं जे माणूस त्याच्याबरोबर राहत असेल, त्याचा हक्क पहिला. बाई म्हणाली, “पण ते तर माझ्याबरोबर राहत नाहीत ना आता.” तिने फोन ठेवला. अडचण तिला पहिल्या फटक्यात कळली होती, आणि मला तेवढंही संशयास्पद वाटलं.

शनिवारी मी वही तपासायची. तोच खोली नंबर, तीच चाळ, आणि समोर नोंद: पुरुष, भाडेकरूचा मुलगा. फोन मी नसताना आलेला. वडील आपल्याबरोबर राहतात हे दाखवायला कुठले कागद लागतात, असं त्याने विचारलं होतं, आणि आमच्या त्याच दयाळू विद्यार्थिनीने त्याला आधार कार्डावरच्या पत्त्यापासून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंत सगळी यादी वाचून दाखवली होती. पोरगी रडायच्या बेताला आली. मी तिला म्हटलं, “आता रडून काय उपयोग? एका खोलीत दोन बाजू आहेत, आणि दोन्ही बाजूंचे वकील आपण झालोय.” सुनेला सावध करावं असं तिचं म्हणणं. ते शक्य नव्हतं. पहिला नियम सगळ्यांसाठी होता, चांगल्यांसाठी आणि लबाडांसाठीही. मी वहीत त्या पानावर लाल पेनाने लिहिलं: यापुढे या खोलीचा फोन आला तर फक्त कायद्याचं वाक्य सांगणे, सल्ला देणे नाही. आणि फोन मला देणे.

तिसरा फोन मंगळवारी दुपारी आला. म्हाताऱ्याचा आवाज, धाप लागलेली, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. “मी तिसऱ्या मजल्यावरचा,” त्याने चाळीचं नाव सांगितलं, “पण सध्या विरारवरनं बोलतोय. खोली माझ्या नावावर आसा.”

मला लगेच वास आला. मुलानेच बापाच्या आवाजात बोलायला कोणाला तरी बसवलं असणार. किंवा सुनेने. किंवा म्हातारा खरा, पण बाजूला कोणीतरी बसून पढवतंय. मी विचारलं, “बाजूला कोण आहे?”

“कोण नाय. मोठी सूनबाई आतमध्ये आसा. तिका ऐकू जाता कामा नये म्हणून गॅलरीत येऊन बोलतंय.”

“तुमची जन्मतारीख सांगा.”

“खंयची? गिरणीतली की खरी?”

क्षणभर मी हलले. गिरणीत लागताना वय वाढवून लिहिलेली माणसं माझ्या माहेरीही होती. पण मी स्वतःला सावरलं. इतकं चपखल उत्तर पढवलेलंच असतं, असं मनात म्हटलं, आणि आवाज आणखी कोरडा केला. “तुमचा प्रश्न काय आहे?”

“मी मेलंय, तर खोली धाकट्या सुनेक गावात काय? मिळात काय तिका?”

मी वाक्य सांगितलं. तुम्ही जाल तेव्हा कुटुंबातलं जे माणूस तुमच्याबरोबर राहत असेल, त्याचा हक्क पहिला. त्यापुढे एक अक्षर नाही.

“म्हणजे मरताना मी परळाक असूक होयो.”

“मी कायदा सांगितला.”

त्याने अगदी व्यवहाराचं विचारावं तसं विचारलं, “किती दिवस आधी जाऊक होया?”

या प्रश्नाला खरं तर मोठं उत्तर आहे. दिवस मोजत नाहीत, राहणं पाहतात. माणूस गावी गेला, आजारपणात हॉस्पिटलात पडला, म्हणून त्याचं घर मोडत नाही. सामान कुठे, मन कुठे, परत कुठे यायचं ठरलेलं, हे सगळं बघतात. अशिलाला मी हे अर्धा तास समजावलं असतं. त्याला मी म्हटलं, “दिवस लिहिलेले नाहीत.” आणि फोन ठेवला. विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती. “खरे असतील तर?” तिने विचारलं. मी म्हटलं, “खरे असतील तर कायद्याचं वाक्य पुरेसं आहे.” मला आपण फार सावधपणे वागलो असं वाटलं होतं, आणि त्याचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

दहा-बारा दिवसांनी पोळीभाजीवाल्या सुनेचा फोन आला. नियमाप्रमाणे माझ्याकडे. सासरे परत आले होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिने आणले नव्हते. विरारच्या शेजाऱ्याची गाडी परळला येत होती, तिच्यात ते न सांगता बसले. मी मनात म्हटलं, वा, जमलं की हिचं. पण पुढचं वाक्य वेगळं होतं.

“मॅडम, त्यांना श्वास घेता येत नाहीये. पाय सुजलेत. खालचे डॉक्टर म्हणतात आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. पण ते खाटेचा गज धरून बसलेत, सोडतच नाहीत. म्हणतात, हॉस्पिटलात मेलो तर खोली जाईल. हेल्पलाइनच्या बाईंनी सांगितलंय, मरताना इथेच पाहिजे.”

“मी असं सांगितलं नाही,” मी म्हटलं.

“मग काय सांगितलंत?”

मी सांगितलं होतं ते खरं होतं, आणि म्हाताऱ्याने त्याचा काढलेला अर्थ मीच मोकळा सोडला होता. मी तिला फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला. पलीकडून नुसती धाप ऐकू आली, मग तिचाच आवाज, “ते म्हणतात, फोनवर कोणीपण काहीपण बोलतं.”

हेल्पलाइनने कोणाच्या घरी जायचं नाही, हाही एक नियम होता. मी पर्स उचलली, टॅक्सी पकडली आणि परळला गेले.

तिसऱ्या मजल्यावर दाराशी चपलांचा ढीग. खोलीत पंखा पूर्ण वेगात, खाटेवर म्हातारा उशांना टेकून बसलेला, ओठ निळसर, एक हात खाटेच्या गजावर. सून त्याच्या पाठीला हात लावून उभी. चाळीशीची, कपाळावर पिठाचा पुसट डाग, कामावरून तशीच धावत आलेली. मी दारातच “हेल्पलाइन” म्हटलं, तशी ती म्हणाली, “बाबा, बघा, मॅडम स्वतः आल्या. मला खोली नको हो, तुम्ही उठा.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुका नको आसात. माका होयी आसा.” ती रडत नव्हती, वैतागली होती. खुर्ची आणि माणसं गोळा करायला ती खाली धावली. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

मी सांगितलं, मी हेल्पलाइनची. त्याने विचारलं, कशावरून? मी कार्ड काढून दिलं. त्याने ते दूर धरून पाहिलं आणि चादरीवर ठेवलं. “कार्ड कोण पण छापता,” तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. हॉस्पिटलात असलेला माणूस कायद्याच्या नजरेत आपल्या घरीच राहत असतो. तुम्ही इथे आलात, इथेच परत यायचं म्हणता, एवढं पुरे आहे. उद्या तिथे काही झालं, तरी तुम्ही राहत होतात ते या खोलीत, या सुनेबरोबर. मी हळू बोलले, दोनदा बोलले. तो डोळे बारीक करून ऐकत होता.

“आवाज तोच आसा,” तो शेवटी म्हणाला. “पण त्या दिवशी तुम्ही एवढा बोललात नाय. तेव्हाच कित्याक नाय सांगलात?”

मी वकील आहे, मला दहा उत्तरं सुचली. त्याच्या ओठांकडे पाहून एकही देववेना. “माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता,” मी म्हटलं. “मला वाटलं, तुमच्या नावाने दुसरंच कोणी बोलतंय.”

“मगे आता मी तुमच्यावर कित्याक ठेवू?”

तो रागावला नव्हता. त्याला खरंच कारण हवं होतं. आणि कारण माझ्याजवळ होतं. तुमच्या मुलाचा फोन आला होता, तुम्ही त्याच्याकडे राहता याचे कागद तो जमवत होता, म्हणून मी सगळ्यांकडेच वाकड्या नजरेने पाहिलं. एवढं सांगितलं असतं तर पटलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. खाली जिन्यावर माणसांची पावलं वाजायला लागली होती, आणि हा माणूस माझ्यासमोर एकेक श्वास ओढून काढत होता. तरी मला ते बोलता आलं नाही. नियम होता म्हणून नाही. मरायला टेकलेल्या बापाला ते कसं सांगायचं?

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मला जाणवलं की माझ्यापेक्षा हा माणूस तोंडं जास्त चांगली वाचतो.

“मोठ्याचोय फोन इल्लो होतो मा?” त्याने विचारलं.

मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही.

“बोला नको,” तो म्हणाला. धाप शमेपर्यंत थांबला. “त्याचा माका सांगणत नाय, म्हणजे माझाय त्याका सांगूचात नाय. बरा.” आणि गजावरचा हात सोडला.

सून दोन माणसांना आणि प्लास्टिकच्या खुर्चीला घेऊन आत आली. त्याला उचलताना तिने त्याच्या अंगावर शाल टाकली, औषधांची पिशवी गळ्यात अडकवली आणि मला विचारलं, “काय सांगितलंत त्यांना?” मी म्हटलं, “कायदा.” खुर्ची दारापर्यंत गेली तेव्हा त्याने हात वर करून माणसांना थांबवलं.

“मोठ्याक फोन कर,” तो सुनेला म्हणाला. “हॉस्पिटलात ये म्हणान सांग. पण ही बाई हय इल्ली होती, ता सांगा नको.”

“का?”

“त्याका लाज वाटात,” तो म्हणाला, आणि खुर्ची उचलायची खूण केली.