भारतीताई आणि मुकी बस

बस सुरू केली की भारतीताई मान वळवून पहिल्या बाकावरच्या माणसाला विचारायच्या, "चालू हाय ना रं?" त्याला वाटायचं, बाई थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती. समोर 'चालू' अशी हिरवी अक्षरं दिसत असूनही भारतीताईंचा त्या अक्षरांवर विश्वास बसत नसे. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचाच ट्रेलर चालवला होता, बंदरापर्यंत कंटेनर वाहिले होते. ट्रेलरचं इंजिन पायाच्या तळव्यांना कळायचं. ही विजेवरची बस मात्र गप्प होती.

उरणजवळ नवी वसाहत उभी राहत होती आणि तिथल्या सगळ्या बसगाड्या विजेवरच्या होत्या. मी चौलहून येऊन डेपोच्या नियंत्रण कक्षात लागलो होतो. प्रत्येक बस माझ्या पडद्यावर एक ठिपका असायची. वेळेत असली तर हिरवा, उशीर झाला की लाल. पहिल्याच दिवशी भारतीताई आत आल्या. "यातली मी कुठली?" मी ठिपका दाखवला. त्यांनी खिडकीतून खाली उभी असलेली आपली बस पाहिली, पुन्हा पडदा पाहिला. "डोकं फिरलं बग माझं, चौलकर," म्हणाल्या. मला त्या शेवटपर्यंत चौलकरच म्हणत राहिल्या.

तरी बसवर त्यांचा जीव होता. ट्रेलरच्या धुरानं त्यांना कायमचा खोकला दिला होता. आता संध्याकाळी रुमाल काढून दाखवायच्या. "बग, पांढराच्या पांढरा!"

वसाहतीत हॉर्न वाजवायला मनाई होती. कुणी वाजवला की यंत्र त्याची नोंद करायचं आणि चालकाचे गुण कापायचं. भारतीताईंचे गुण कधीच कापले गेले नाहीत.

वसाहतीची हद्द संपते तिथे जुन्या गावाचं देऊळ आहे आणि देवळापुढे वळण. एका दुपारी धर्माकाका त्या वळणावरून घरी चालले होते. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं होतं. मागून ट्रकचा आवाज आला की न बघता गवतात सरकायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्या दिवशी आवाज आलाच नाही. भारतीताईंनी वेग कमी केला. म्हातारा बाजूला होईल, असं त्यांना वाटलं. ट्रेलरसमोरून सगळेच बाजूला होत आले होते. पण नेमके त्याच क्षणी काका गवताकडे न जाता रस्त्याच्या मध्याकडे सरकले. बसच्या आरशाचा धक्का लागला, ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. भारतीताईंनीच त्यांना बसमध्ये घातलं आणि प्रवाशांसकट दवाखान्यात नेलं.

चौकशीत मी बसच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून दाखवलं. वेग मर्यादेच्या आत, ब्रेक वेळेवर, हॉर्नला मनाई, म्हणून वाजवलेला नाही. डेपोचे साहेब म्हणाले, "तुमची काहीच चूक नाही. जा तुम्ही."

भारतीताई उभ्याच राहिल्या. "मग कुनाची?"

"कुणाचीच नाही. अपघात आहे तो."

"धर्माकाकाची?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग हाड कसं मोडलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. तिथे सगळं हिरवं होतं.

सुट्टी झाली की भारतीताई धर्माकाकांना बघायला जात. एकदा मीही गेलो. काका पडल्या पडल्या हात जोडून म्हणाले, "बाय, माझंच चुकलं. कानच गेलं असतील माझं, ऐकूच न्हाय आली तुझी बस." तेवढ्यात आतून सून हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि काकांनी लगेच उत्तर दिलं, "मला नको चाय, ह्यांना दे." भारतीताईंनी माझ्याकडे पाहिलं. परतताना त्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. "ते माझी माफी मागतात, चौलकर. मी कुनाची मागू?"

त्यांचा दीर म्हणाला, "वयनी, ये परत ट्रेलरवर. निदान लोकांना कलतं तरी काय येतंय ते." एक दिवस त्या गेल्याही. दुसऱ्या दिवशी डेपोत आल्या तेव्हा खोकून खोकून आवाज बसला होता. "तिकडं बी मन लागत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

मग भारतीताई देवळापुढच्या वळणावर बस थांबवू लागल्या. खिडकीतून डोकं बाहेर काढायच्या आणि ओरडायच्या, "बस येतेय वो!" प्रवासी वैतागायचे, तक्रारी यायच्या. मला त्यांना वायरलेसवर सांगावं लागायचं, "ताई, तुम्ही लाल झालात." पलीकडून आवाज यायचा, "झाले तर झाले. दुसरं काय करू, तू सांग!"

शेवटी बसगाड्यांना आवाज करणारं एक यंत्र बसवलं. बस आली की घूं घूं ऐकू यायचं. वसाहतीतल्या लोकांनी तक्रार केली, पोरं झोपत नाहीत. आवाज कमी केला. मग गावातले म्हणाले, आता पुन्हा ऐकू येत नाही. भारतीताई दोन्ही तक्रारी घेऊन साहेबांकडे गेल्या. "दोघांचं बी खरं हाय, सायेब," म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

पुढे त्यांना चालक-प्रशिक्षक केलं आणि दुसऱ्या शहरातल्या डेपोत बदली झाली. जाण्याआधी इथल्या नव्या चालकांची एक तुकडी त्यांच्या हाती दिली. पहिल्या दिवशी त्यांनी कुणालाच स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. सगळ्यांना देवळापाशी उतरवलं, "रहदारीकडं पाठ करून चाला, मागं बगायचं न्हाय," असं बजावलं आणि स्वतः बस घेऊन मागून निघाल्या. मला म्हणाल्या, "तू बी चाल, चौलकर."

मी चालू लागलो. कावळे ऐकू येत होते. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. पुढचे दोघे कुजबुजत होते, तेही ऐकू येत होतं. आणि एकाएकी माझ्या खांद्याशेजारून एक निळी भिंत सरकली. पुढचा एकजण तर ओरडलाच.

भारतीताई थोडं पुढे थांबून खाली उतरल्या. त्या ओरडणाऱ्यानं घाम पुसत विचारलं, "मॅडम, इथंच झाला ना तो अपघात? मग चूक कुणाची ठरली?"

"न्हाय ठरली. मला अजून बी कलत न्हाय."

"मग आम्ही यातून शिकायचं काय?"

"ते बी मला नीट सांगता येत न्हाय, बाबा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बसमध्ये चढल्या. "चला, परत एकदा चाला."

आम्ही पाठ फिरवली आणि चालू लागलो.