पोरगा ‘बा’ म्हणाला

शेजारच्या बांनी केलं म्हणून झालं, हे आधी सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गुजराती म्हाताऱ्या त्या. गुजरातीत आईला बा म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाच म्हणते.

आम्ही सांगलीकडचे. नवरा मध्य प्रदेशात बालाघाटच्या सराफ्यात सोनं गाळायचं काम करतो. मी नववीतच शाळा सोडलेली, लग्न होऊन थेट इथं आले. मुलगा दीड वर्षाचा झाला तरी तोंडातून अक्षर नाही. दूध घालणाऱ्या काकू म्हणायच्या, “काहून घाबरून राह्यली वो? पोट्टे बोलतेत उशिरा.” मी म्हणायची, असेल बा. पण जिवात जीव नसायचा. गावी सासूबाईंना फोनवर सांगायचीही छाती होईना.

एका दुपारी बांनी त्याच्या पाठीमागं स्टीलची ताटली वाजवली. तो वळला नाही. परत वाजवली, जोरात. “बेटा, ये सुनता कम है,” एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत गोंदियाच्या बसमध्ये बसल्या. डॉक्टरपुढं मी पोराला मांडीवर धरून बसले. सगळं बांनीच विचारलं. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं निघालं. आधी औषधं, मग छोटं ऑपरेशन.

त्यानंतर महिनाभरानं अंगणात तो कुत्र्याकडं बघून म्हणाला, “बा.” मग बादलीला म्हणाला.

“ऐकलं का? बापाले हाक मारून राह्यला!” काकू ओरडल्या.

समोर नवऱ्याच्या भट्टीवरच दागिन्यांना पॉलिश करणारा बिहारी भाऊ हसला. “हमरे इहाँ बा माने ‘है’. कहत बा कि सब ठीक बा!”

“चूप! मने बोलावे छे,” हाक आपल्यालाच आहे म्हणत बांनी पदर सावरला.

नवरा भट्टी सोडून धावत आला. “मलाच म्हणतोय ना?”

“बादलीलाही म्हणतोय. तुम्ही बादली का?” मी म्हणाले.

सगळे हसले. मला अर्थ कुठलाही चालणार होता. मी त्याच्या पाठीमागं गेले, हळूच हाक मारली. तो वळला. तेव्हा कुठं मला रडू आलं.

बांचे गुडघे पार गेलेत. त्यांचा मुलगा सुरतेला. दवाखान्यात सोबत कोण थांबणार म्हणून ऑपरेशन पुढं पुढं ढकलतात. मी थांबणार. आमचं बिऱ्हाड उद्या कुठल्याही गावाला हलू दे, बा, तारीख ठरली की नुसतं कळवा. मी येते.