साडूंचा एकेचाळीस पानी अर्ज

चुकीच्या खंडात रीतसर व्हिसा काढून आयुष्य घालवायला गेलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. सॅलॅमँडर हा दिसायला पालीसारखा, पण गोत्राने बेडकाचा भाऊबंद. त्यातली एक राक्षसी जात दहा-बारा वर्षांच्या पोराएवढी लांब होते आणि जपान-चीनच्या थंडगार ओढ्यांत जन्मभर पाण्यातच राहते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याने त्या जातीवर पीएचडी करायला निवडला ऑस्ट्रेलिया, जिथल्या रानात औषधालाही सॅलॅमँडर नाही! वॉलॉंगॉंगच्या एका प्राध्यापकांकडे बाटल्यांत बुडवलेले नमुने होते, तेवढ्या भरवशावर हे आले. पुढे प्राध्यापक निवृत्त झाले, बाटल्या कुणीतरी कपाटात कोंबल्या आणि साडू पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत चिकटले ते आजतागायत. जिवंत राक्षसी सॅलॅमँडर त्यांनी एकदाही पाहिलेला नाही.

जे डोळ्यांनी दिसलं नाही ते त्यांनी तोंडाने भरून काढलं. हा प्राणी कातडीने श्वास घेतो, म्हणून त्याच्या दोन्ही कुशींना झालरीसारख्या वळ्या असतात, हे समजावताना ते नेमके माझ्या पोटाकडे बोट दाखवत. कुणाच्याही घरी टबातल्या पाण्यात बोट बुडवून "वीस डिग्रीच्या वर आहे, मेला असता," असं खिन्नपणे सांगत. एका मित्राच्या नव्या घरी आम्ही बारा जण अंड्याची आमटी खात बसलो होतो. साडूंनी चमच्यावर अर्धं अंडं उचललं आणि म्हणाले, "यांच्यात अंडी बाप राखतो. बिळाच्या तोंडाशी बसून शेपटीने ताजं पाणी ढकलत राहतो. And you know what? खराब झालेलं अंडं तो स्वतः खाऊन टाकतो. बाकीची वाचावीत म्हणून!" त्यांची लेक "बाबा, please, not at the table," म्हणाली. त्या दिवशी आमटी उरली.

उत्क्रांतीवर बोलायला लागले की ते हळवे होत. कोट्यवधी वर्षं हा प्राणी जवळजवळ होता तसाच राहिला, मोठा झाला तरी पुरता मोठा झाला नाही, त्याला पापण्या कधी फुटल्याच नाहीत, असं ते कौतुकाने सांगत. "असा एक आहे आमच्याकडे, पापण्यांसकट," इति मेहुणीबाई. लेकीने एकदा वाढदिवसाला ॲक्सोलॉटल आणून दिला. हा सॅलॅमँडरचा वीतभर चुलतभाऊ इथे पाळायला चालतो. "वाघ मागितला तर मांजर आणलंस," म्हणाले, आणि उन्हाळाभर त्या मांजराच्या टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडत बसले.

आम्ही सगळे त्यांना हसत होतो. मी सर्वांत जास्त. मग तीन वर्षांपूर्वी इथल्या एका मत्स्यालयाची जाहिरात आली. राक्षसी सॅलॅमँडरची एक जोडी येणार होती आणि त्यांची वीण साधायला माणूस हवा होता. साडूंनी मला फोन केला.

"अरे, तुला अर्ज मेल केलाय. फॉर्टी-वन पेजेस झालेत. तू पॅनेलवर बसतोस ना? जरा बघ, काही राहिलं असेल तर सांग. फ्रायडेला क्लोज होतंय."

मी पॅरामॅटाच्या एका सरकारी खात्यात नोकरभरतीच्या पॅनेलवर बसतो. इथे जाहिरातीत सहा-सात गुणांची यादी असते, आणि प्रत्येक गुणाचा आपल्या कामातला एकेक दाखला द्यायचा असतो. दोन पानं, फार तर तीन. यादी सोडून तुम्ही काहीही लिहा, माझ्यासारखा माणूस ते अर्ध्या मिनिटात बाजूला टाकतो. मी आजवर असे किती टाकले असतील कोण जाणे. तेव्हा एकेचाळीस हा आकडा कानावर पडताच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण परत ती शेपटी, परत त्या वळ्या, या विचारानेच मला कंटाळा आला. शुक्रवारी दुपारी लिफ्टची वाट पाहत उभा असताना, अटॅचमेंट न उघडता, मी "मस्त झालाय, पाठवा" असं लिहून मोकळा झालो.

त्यांना मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. नकार दोन ओळींचा होता.

नकार आल्यावरच्या रविवारी ते आमच्याकडे आले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "असू दे रे. त्यांनी वाचलाच नसेल. पण तू वाचलास ना पूर्ण?"

"हो," मी म्हणालो.

"बाप अंडी राखतो, तो भाग?"

"तो तर अप्रतिम."

"बास. या देशात एकाने तरी वाचला." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

मत्स्यालयात जोडी आली आहे. बघायला चला म्हटलं तर येत नाहीत. "व्हिजिटर म्हणून नाही जायचं मला," एवढंच म्हणतात. आताशा जेवताना तो विषयही काढत नाहीत. हसायला काही उरलेलं नाही, आणि आमटीही आता उरत नाही.

गेल्या महिन्यात मी तो अर्ज उघडला. पहिल्या पानावर वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि दहावीचे मार्क आहेत. गुणांच्या यादीचा पत्ता नाही. दुपारच्या सुट्टीत दोन-दोन पानं करत मी एकोणिसाव्या पानापर्यंत आलो आहे. फार सुंदर लिहिलंय हो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी बाप हिवाळाभर बिळात त्यांना राखतो आणि मग वसंतात ती प्रवाहात निघून जातात, इथे ते पान संपतं. पुढची पानं चाळून पाहिली, तरी पिल्लं गेल्यावर तो बाप पुढे काय करतो, हे काही मला उमगलेलं नाही. साडूंना विचारलं तर ते तासभर सांगतील, अंगात आल्यासारखे सांगतील. पण विचारू कसा? मी तर तो अर्ज सगळा तीन वर्षांपूर्वीच वाचलेला आहे.