सही भागवतची, फोटो लताबाईंचा

मंडीच्या गेटवरचा फ्लेक्स तासाभरात खाली यायला हवा होता आणि शिडी मिळत नव्हती. शेवटी केळीच्या एका ट्रकच्या टपावर चढलो. वय सदुसष्ट, हातात हमालाकडून घेतलेला विळा. खालून ड्रायव्हर ओरडत होता, "बाबूजी, गिर जाओगे! ऐसी क्या जल्दी है?"

फ्लेक्सवर धूलकोटच्या लताबाईंचा फोटो होता. लावला मीच होता.

सकाळी त्यांच्या नवऱ्याचा, भागवतचा, फोन आला होता. "साहेब, तो फोटो उतारा. आमच्या पोरीचे, पूजाचे, होणारे सासरे केळी घेऊन मंडीत आलते. पाहून गेले."

मी कागदाच्या मिलमध्ये लेबर वेल्फेअर ऑफिसर होतो. कामगारांच्या घरचं आजारपण, मुलांची शाळा, क्वार्टर, भांडणं, हे माझं काम. रिटायर झाल्यावर इथं, मंडीच्या गावात, लालबाग भागात राहायला आलो. घरी बसवेना. तेव्हा एका ट्रस्टच्या दवाखान्यात केमोथेरपीचं डे-केअर नुकतंच सुरू झालं होतं. डे-केअर म्हणजे सकाळी यायचं, सलाईनमधून कॅन्सरचं औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. खोली एक, खाटा दोन. बाकीच्यांना इंदूर नाहीतर जळगाव. सहा खाटा करायच्या होत्या. मदत गोळा करायचं काम मी मागून घेतलं.

केळीवाल्यांनी ठरवलं, दर गाडीमागे एक घड दवाखान्यासाठी काढायचा आणि दिवसाच्या शेवटी त्या ढिगाचा वेगळा लिलाव करायचा. तीन आठवडे झाले तरी रोजचा ढीग गुडघ्याएवढाही होईना. मी रोज जाऊन उभा राहायचो, चिडचिड करून परत यायचो.

ट्रस्टचे अध्यक्ष, आम्ही त्यांना सेठजी म्हणतो, म्हणाले, "देशमुखजी, खाटेचं चित्र पाहून कोणी घड देतो का? चेहरा दाखवा, चेहरा."

डे-केअरमध्ये उपचार घेणाऱ्या लताबाईंचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. उकाड्यामुळे त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. केस गेलेले, आणि नर्सच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होत्या. फोटो छापायचा तर कन्सेंट, म्हणजे संमतीचा कागद लागतो. मिलमध्ये क्वार्टर असो की मेडिकल, घरातल्या सगळ्यांच्या वतीनं कामगाराची सही चालायची. बायकोला विचारायची पद्धत नव्हती. मी तेच केलं. लताबाई आत खाटेवर होत्या. बाहेर बाकावर भागवत बसला होता. तो म्हणाला, "कुठं करू?" मी बोट ठेवलं. त्यानं वाचलं नाही, मी सांगितलं नाही.

फ्लेक्स लागला आणि चार दिवसांत रोजचा ढीग कमरेपर्यंत आला. शनवारा बाजारातल्या दुकानदारांनीही पैसे पाठवले. मी खूश होतो. लताबाईंनी आजार मुलीच्या होणाऱ्या सासरी कळू दिला नव्हता, हे मला ठाऊकच नव्हतं.

विळ्यानं फ्लेक्स कापला, पण फोटो तोवर सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता. मुलाकडच्यांचा निरोप आला, "मायले झालं, उद्या पोरीले बी होईल." सोयरीक मोडली.

केमो ठरलेल्या दिवसांच्या अंतरानं देतात, त्या एका फेरीला सायकल म्हणतात. लताबाईंच्या तीन झाल्या होत्या, तीन बाकी होत्या. चौथीच्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी धूलकोट गाठलं.

लताबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"बाई, औषध सोडू नका," मी म्हणालो. "फोटोचं चुकलं. पण मी सही घेतली होती, यांची."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "सुई यांना टोचली का मला? केस यांचे गेले का माझे?"

भागवत शेजारीच उभा होता. त्यांनी पुन्हा सूप उचललं.

"तुमच्या खाटा होतील ना साहेब आता? होऊ द्या. मी तिथं पाय नाही ठेवणार. जो तो तोंडाकडे पाहतो."

मी परत आलो. रजिस्टरमध्ये उपचार सोडणाऱ्यांसाठी एक रकाना असतो, कारणाचा. बराच वेळ पेन धरून बसलो. भागवतनं एकदा मला सहज विचारलं होतं, जडीबुटीनं फरक पडतो का? मी लिहिलं, "पतीच्या आग्रहाने जडीबुटी."

सहा खाटांच्या उद्घाटनाला सेठजींनी तेच उदाहरण भाषणात दिलं. नाव घेतलं नाही, पण गाव घेतलं. धूलकोटची दहा-बारा माणसं समोर बसली होती. मी स्टेजवर होतो. उठलो नाही.

लताबाईंनी जडीबुटी घेतलीच नव्हती. दोन महिने घरी बसल्या, मग उरलेल्या तीन सायकल त्यांनी जळगावला घेतल्या. पहाटे निघायचं, रात्री परतायचं. ज्या बाईच्या चेहऱ्यावर इथल्या खाटा झाल्या, तिला त्यातली एकही मिळाली नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्या दोन महिन्यांमुळे गेल्या का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणतात, सांगता येत नाही. पूजाचं लग्न पुढे दुसरीकडे झालं.

गावात आजही म्हणतात, भागवतनं बायकोला झाडपाला देऊन मारलं.

मागच्या महिन्यात मी रजिस्टर मागवलं. सेठजी म्हणाले, "अब काय उकरता, देशमुखजी? सेंटर तर चाललंय." मी ती ओळ खोडली, खरं कारण लिहिलं, खाली माझी सही केली. पानाचा फोटो घेऊन धूलकोटला गेलो. भागवतनं तो पाहिला आणि मोबाईल परत दिला. "साहेब, मी हा कोणाकोणाला दाखवत फिरू?"

म्हणून हे लिहून देतो आहे. कोणालाही दाखवावं.

दवाखान्याच्या फॉर्मवर आता रुग्णाचीच सही घेतात. नव्या स्टाफला मी एवढंच सांगतो: कारणाच्या रकान्यात माहीत असेल तेच लिहा, माहीत नसेल तर रिकामा सोडा. मला तर माहीत होतं.