माशाचं माप

मास्तर दोरा कात्रीने कापत नाहीत, दातांनी तोडतात. समोर कुणी आलं की आधी खांदे बघतात, मग चेहरा. गळ्यात टेप घालूनच जेवतात. ओठांत टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला 'परवा' एवढाच शब्द स्पष्ट ऐकू येतो. त्या परवाला तारीख नसते.

गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत त्यांचा आणि काकूंचा संसार. ते साठीचे, मी साहित्याची पदवी घेऊन रिकामा बसलेला. तरी मैत्री जमली. घाई दोघांनाही नव्हती.

यंदा मास्तरांनी मासेमारीचा गळ घेतला. त्याच दिवशी जाड बुडाचा मोठा तवाही आणला आणि काकूंना सांगितलं, यात पहिला पडेल तो माझ्या हातचा मासा. काकूंनी तवा खिळ्याला अडकवला.

"ठीक आहे. तोवर यात अंडंसुद्धा फोडणार नाही."

हंगामभर दर रविवारी आम्ही नदीवर गेलो. मास्तर गळ टाकत, मी पुस्तक वाचत बसे. परतताना ते त्या दिवसाचा धडा सांगत. नदीवर पांढरा सदरा घालू नये. मासा आपल्याला दिसायच्या आधी आपण त्याला दिसतो. गांडुळांचा डबा आणि जेवणाचा डबा एकसारखे असू नयेत. हा धडा आम्ही दोघांनी मिळून घेतला.

मासे लागत, पण ऐन वेळी दोरा तुटे, तोही गळाजवळच. या नदीतल्या माशांना दात फार, असं मास्तरांचं मत पडलं.

घरी काकू काही बोलत नसत. तव्याकडे एकदा बघत आणि भाजी वाढत. मास्तरांना ते न बोलणंच लागे. बाजारातून एखादा मासा न्यावा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, शिंप्याच्या बायकोला शिवलेलं कुठलं आणि तयार कुठलं, ते लांबूनही कळतं.

वरच्या धरणाचं पाणी सुटलं की हंगाम संपतो. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी सहज पुस्तकातून मान वर केली. मास्तरांनी गळाला गाठ मारली, मान वाकवली आणि दोऱ्याचं उरलेलं टोक दातांनी तोडलं. दात गाठीवरून करकरत गेले.

"मास्तर, दात माशांचे नाहीत. तुमचे आहेत."

त्यांनी ती गाठ बोटांनी चाचपून पाहिली. मग नवी गाठ मारली आणि माझं नेलकटर मागून घेतलं.

मासा लागला. दोरा टिकला. मासा काठावर आला, रुपेरी, रुंद, तडफडता. मी पिशवी उघडून धरली. मास्तरांनी त्याचा गळ सोडवला, त्याला गवतावर सरळ केलं, गळ्यातला टेप काढला आणि लांबी घेतली. मग घेर घ्यायला त्याला एका हाताने उचललं.

मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो. पाण्यावर वर्तुळं पसरत गेली. मास्तरांच्या हातात नुसता टेप उरला होता.

"घेर नऊ," ते म्हणाले. "श्वास सोडला असता तर साडेआठ."

मी अजून सावरलेलो नाही.

घरी त्यांनी सगळं खरं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मापं घेतलीत. आता माल कधी देणार?"

मास्तरांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी ते पुटपुटले, "परवा."

काकू हसता हसता ओट्याला टेकल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, निदान तव्यावर धूळ बसू नये म्हणून एक खोळ तरी शिवा.

मास्तरांनी कोटाच्या उरलेल्या चांगल्या कापडाची खोळ शिवली. काज केलं. बटण मात्र लावलं नाही. बटण लावलं की हार मानल्यासारखं होतं, म्हणाले.

तवा खोळीत लटकतो आहे, तोंड उघडं टाकून. ओवलेली सुई खोळीलाच टोचून ठेवली आहे. दोऱ्याचं टोक मात्र कात्रीने कापलेलं आहे.